पंखावरची हवा खवळते कुठे?

विमानाच्या पंखाचा आडवा छेद म्हणजे एअरफॉइल. त्याच्यावरून जाणारी हवा कशी वागेल, हे मुख्यतः रेनॉल्ड्स अंकावर ठरते. हवेचा वेग आणि पंखाची रुंदी यांच्या गुणाकाराला हवेच्या शुद्धगतिक श्यानतेने भागले की हा अंक मिळतो. 15 सेंटिमीटर रुंद पंखाचे ड्रोन सेकंदाला 12 मीटर वेगाने उडत असेल, तर समुद्रसपाटीला तो सुमारे 1 लाख 20 हजार भरतो. मोठ्या प्रवासी विमानाचा अंक कोटींत जातो. 2021 साली मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरच्या पात्यांचा अंक मात्र दहा हजारांच्या घरात होता, कारण तिथली हवा आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का दाट आहे.

पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. मोठ्या विमानावर तो पुढच्या कडेपासून थोड्याच अंतरावर संक्षुब्ध होतो, म्हणजे खवळतो. त्यामुळे सगळा थर पहिल्यापासून संक्षुब्धच आहे असे धरून गणित केले, तरी फारसे बिघडत नाही. अंक लाखाच्या आसपास आला की ही सवलत संपते. इथे थर पंखाच्या बऱ्याच भागावर स्तरीय, म्हणजे शांत आणि शिस्तीत वाहणारा राहतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पंखाच्या वरच्या अंगावर सर्वांत कमी दाबाची जागा ओलांडली की पुढे दाब वाढत जातो. स्तरीय थरातली पृष्ठभागालगतची हवा मंद असते. वाढत्या दाबापुढे तिचा टिकाव लागत नाही आणि थर पृष्ठभाग सोडतो. असा सुटलेला थर अस्थिर असतो. थोडे अंतर गेल्यावर तो खवळतो, वरची वेगवान हवा खाली खेचतो आणि पुन्हा पंखाला टेकतो. सुटण्याच्या आणि टेकण्याच्या जागांमध्ये हवेचा एक चपटा बुडबुडा अडकून राहतो. दाबाच्या आलेखात तो लगेच ओळखू येतो: चढत्या रेषेत मध्येच एक सपाट पायरी दिसते आणि तिच्यानंतर दाब एकदम वाढतो. या बुडबुड्यामुळे पंखाचा रोध वाढतो. वाऱ्याशी असलेला कोन वाढवत नेला की एका क्षणी बुडबुडा फुटतो, थर परत टेकत नाही आणि उत्थापन बल कोसळते. अंक 50 हजारांच्या खाली गेला की पुष्कळ एअरफॉइलांवर थर टेकतच नाही.

हवेतला प्रत्येक लहानमोठा भोवरा संगणकावर सोडवणे रोजच्या कामात परवडत नाही. म्हणून समीकरणांची सरासरी घेतात आणि भोवऱ्यांचा परिणाम वेगळ्या सूत्रांतून आणतात. ही सूत्रे म्हणजे टर्ब्युलन्स मॉडेल. यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी फ्रेंच शास्त्रज्ञ बूसिनेस्क यांची 1877 सालची कल्पना आहे: भोवऱ्यांमुळे हवा जणू जास्त चिकट होते. ही वाढीव श्यानता किती मानायची, यावर मॉडेलांमध्ये मतभेद आहेत.

1970च्या दशकात रुळलेले के-एप्सिलॉन मॉडेल भिंतीजवळचा प्रवाह बहुधा ठरीव सूत्रांनी उरकते. ती सूत्रे पूर्ण संक्षुब्ध थरासाठीची असल्याने इथे ते बाद. 1992चे स्पालार्ट-अल्मारस विमानांसाठीच बनवलेले, एकाच समीकरणाचे आणि स्वस्त आहे. फ्लोरियान मेंटर यांचे 1994चे एसएसटी वाढत्या दाबात थर सुटणे चांगले पकडते, त्यामुळे ते उद्योगाचे लाडके आहे. पण लाखाच्या अंकावर दोघांचेही चुकते ते एकाच ठिकाणी. नेहमीच्या पद्धतीने चालवली तर ती थर फार लवकर संक्षुब्ध धरतात. मग बुडबुडा नाहीसा होतो, घर्षण वाढते आणि पंख जास्त कोनापर्यंत तग धरताना दिसतो. गणित सुरळीत सुटते, आलेख देखणा येतो आणि तो भलत्याच पंखाचा असतो. कधीकधी ही मॉडेले पुढचा थोडा भाग आपोआप स्तरीय ठेवतात. पण ती जागा सूत्रांच्या जडणघडणीतून आलेली असते, तिच्यावर विसंबता येत नाही.

म्हणून खरा प्रश्न संक्रमणाचा आहे: थर खवळतो कुठे? लँगट्री आणि मेंटर यांचे गॅमा-रे-थीटा मॉडेल एसएसटीला दोन जादा समीकरणे जोडते. त्यातला गॅमा म्हणजे एखाद्या जागी प्रवाह किती टक्के वेळ संक्षुब्ध असतो, याचे माप. संक्रमणाच्या पट्ट्यात हे माप कसे वाढत जाते, यावरचे एक पायाभूत काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले. रोद्दम नरसिंह आणि पुढे ‘इस्रो’चे अध्यक्ष झालेले सतीश धवन यांनी 1958 साली ते प्रसिद्ध केले. खरे तर गॅमा एकाच्या, म्हणजे 100 टक्क्यांच्या, वर जाऊच शकत नाही. तरीही सुटलेल्या थरात हे मॉडेल त्याला दोनपर्यंत वाढू देते, नाहीतर संक्षुब्धता पुरेशी वेगाने वाढत नाही आणि थर फार उशिरा टेकतो. ही सरळसरळ ठाकठोक आहे. पण मोजमापांशी ताडून केलेली, त्यामुळे चालते. या मॉडेलातले कळीचे दोन संबंध सुरुवातीची काही वर्षे प्रसिद्धच झाले नव्हते. त्या काळात अनेक गटांनी स्वतःचे संबंध बसवले, म्हणून एकाच नावाखाली थोडी वेगवेगळी उत्तरे देणाऱ्या आवृत्त्या सापडतात.

याहून साधा मार्गही आहे. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी 1986 साली लिहिलेला ‘एक्सफॉइल’ हा मोफत प्रोग्रॅम थरातल्या सूक्ष्म लहरी किती पट वाढल्या, याचा हिशेब ठेवतो. वाढ ‘ई’च्या नवव्या घाताएवढी, म्हणजे सुमारे 8 हजार पट झाली की थर खवळला असे तो धरतो. नऊ हा आकडा शांत वाऱ्यासाठी आहे. खळबळ जास्त असेल तर तो कमी करावा लागतो. उत्तर काही सेकंदांत मिळते. उत्थापन बल कोसळण्याच्या कोनाआधीपर्यंत ते पुष्कळदा महागड्या गणिताच्या तोडीचे असते, हे अनेकांना मानवत नाही.

मॉडेल योग्य निवडले तरी दोन गोष्टी घात करतात. एक, येणाऱ्या वाऱ्यातली खळबळ. संगणकाच्या चौकटीच्या तोंडाशी दिलेली खळबळीची टक्केवारी पंखापर्यंत पोहोचेतो विरून जाते, त्यामुळे ती पंखाजवळ किती उरली हे तपासावे लागते. एसडी7003 या एअरफॉइलची 60 हजार अंकावर आणि 4 अंश कोनावर, खळबळ कमीजास्त असलेल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांत मोजणी झाली, तेव्हा थर सुटण्याची जागा कुठे रुंदीच्या 20 टक्क्यांच्या आत, तर कुठे 30च्या पुढे आली. दुसरी गोष्ट जाळीची, म्हणजे गणितासाठी पंखाभोवतीच्या हवेचे जे छोटे कप्पे पाडतात त्यांची. वर सांगितलेल्या ड्रोनच्या पंखावर पहिला कप्पा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा पातळ हवा आणि बुडबुड्याच्या लांबीत कप्प्यांची दाटी हवी. जाळी विरळ असेल तर संक्रमणाचे मॉडेल घेऊनही काही साधत नाही.

कोसळण्याच्या कोनाजवळ प्रवाह त्रिमितीय आणि अस्थिर होतो, तिथे सरासरीची सगळी मॉडेले लंगडी पडतात. मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारी एलईएस पद्धत तिथे उपयोगी आहे. कमी अंकावर तिचा खर्चही तुलनेने आवाक्यात येतो, पण त्यासाठी अनेक प्रोसेसर दिवसेंदिवस गुंतवावे लागतात.

छोटे ड्रोन आखणाऱ्याने आधी एक्सफॉइल चालवावे, मग संक्रमणासह एसएसटी. एपलर 387 या एअरफॉइलची ‘नासा’च्या लँगली केंद्रातली मोजमापे 1988 पासून खुली आहेत. आपल्या गणिताने आधी ती जुळवून दाखवावीत. ती जुळत नसतील तर नव्या पंखाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.