मापात न बसलेले विद्यालय

अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 मध्ये संपले, तेव्हा गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो माणसांपुढे पोटापाठोपाठ अक्षरओळखीचा प्रश्न उभा राहिला. कारण दक्षिणेतील अनेक राज्यांनी गुलामांना लिहावाचायला शिकवणे हाच गुन्हा ठरवला होता. त्याच डिसेंबरात उत्तरेच्या सैन्यातून आलेले बाप्टिस्ट धर्मोपदेशक हेन्री मार्टिन टपर यांनी नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी राली येथे मुक्त झालेल्यांसाठी बायबलचा वर्ग सुरू केला आणि त्यातूनच, लोकरीचे कारखानदार एलिजा शॉ यांच्या देणगीच्या बळावर, 1875 मध्ये सनद मिळालेले शॉ विद्यापीठ उभे राहिले. मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या अशा संस्थांना अमेरिकी कायदा आज ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये’ म्हणतो.

टपर यांचे मेहुणे जडसन लेनर्ड यांच्या नावाने शॉ विद्यापीठात 1880 च्या दशकाच्या आरंभी वैद्यकीय विद्यालय निघाले आणि त्याने पहिल्यापासून चार वर्षांचा, इयत्तावार चढत जाणारा अभ्यासक्रम ठेवला. हे धाडसच होते. कारण त्या काळी गोऱ्यांच्याही कित्येक विद्यालयांत दोन सत्रांची व्याख्याने ऐकून, त्यातही दुसऱ्या सत्रात पहिलीच व्याख्याने पुन्हा ऐकून, पदवी मिळत असे. शिकवणारे बहुतांशी रालीतील गोरे डॉक्टर होते, म्हणजे वर्णभेद पाळणाऱ्या शहरानेच ही विद्या पुरवली, हा विरोधाभास येथे नोंदवायला हवा. पहिले सहा पदवीधर 1886 मध्ये बाहेर पडले. फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तेही हेच वर्ष.

विद्यालयाचे खरे मोल त्याच्या इमारतींत नव्हे, पदवीधरांत शोधावे लागते. 1888 चे पदवीधर आरन मॅकडफी मूर हे डरहॅम शहरातील पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर ठरले, 1901 मध्ये तंबाखूच्या व्यापारात गब्बर झालेल्या ड्यूक कुटुंबाच्या पैशातून त्यांनी लिंकन रुग्णालय उभारले, आणि त्याआधी कृष्णवर्णीयांची एक मोठी विमा कंपनी स्थापण्यातही त्यांचा हात होता.

मात्र 1910 मध्ये एब्रहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला. कार्नेगी प्रतिष्ठानासाठी त्यांनी अमेरिका आणि कॅनडातील 155 वैद्यकीय विद्यालये पाहिली होती. प्रयोगशाळा, रुग्णालय, निधी आणि प्रवेशाची पात्रता हे त्यांचे निकष होते, आणि त्या निकषांवर सात कृष्णवर्णीय विद्यालयांपैकी हॉवर्ड व मेहॅरी ही दोनच टिकवावीत, असे त्यांनी सुचवले. लेनर्डची साधने तोकडी होती हे खरे. परंतु ती तोकडी का राहिली आणि विद्यालय बंद पडल्यावर तेथील रुग्णांनी कोणाकडे जावे, हे त्या मापाने मोजलेच नाही. शिवाय कृष्णवर्णीय डॉक्टर हवा तो मुख्यतः रोगाचा संसर्ग गोऱ्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून, असाही अहवालातील कृष्णवर्णीय विद्यालयांवरील प्रकरणाचा सूर होता. मोजणी बरोबर आणि निवाडा अन्याय्य, असेच त्या अहवालाविषयी म्हणावे लागेल. अहवालानंतर देणगीदारांचा ओघ निवडक विद्यालयांकडे वळला, आणि सुमारे चारशे डॉक्टर घडवून लेनर्ड 1918 मध्ये बंद पडले.

शॉ विद्यापीठ मात्र टिकले. 1960 मध्ये वर्णभेदाविरुद्ध बैठे सत्याग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांची समन्वय समिती, तेथेच शिकलेल्या एला बेकर यांच्या पुढाकाराने, याच आवारात स्थापन झाली. लेनर्डच्या पहिल्या तुकडीतील डॉ. मनासा पोप विद्यालय बंद पडल्याच्या पुढच्याच वर्षी, कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावला गेला असताना, रालीच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि हरले. त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून पाहायला मिळते.