वाहनातील संकटपेटी

स्मरणिकेच्या पानांतून बाजारभाव, कर आणि वखारी यांविषयी जाणकार मंडळी लिहीत असतात. मी एका लहानशा विषयाकडे सभासद बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. तूर-हरभऱ्याच्या व्यवहारासाठी आपणांस कलबुर्गी, हुमनाबाद, बीदर, उदगीर, लातूर असा प्रवास वरचेवर करावा लागतो. गंजातील पोत्यापोत्याचा हिशेब ठेवणारे आपण, ज्या मोटारीतून जीव घेऊन फिरतो, तिच्यात संकटसमयी उपयोगी पडेल असे काय आहे, याची नोंद ठेवतो काय? मी ठेवीत नव्हतो.

सहा-सात वर्षांपूर्वी, चातुर्मासातील एका सायंकाळी मी व आमच्या पेढीचे वयोवृद्ध मुनीमजी कलबुर्गीहून बीदरला परतत होतो. मुनीमजींचा चौविहाराचा नियम. म्हणून सूर्यास्तापूर्वी हुमनाबादेस भोजन करावयाचे ठरले होते. कमलापूर मागे पडले आणि पुढचे टायर फुटले. स्टेपनीवर तुरीच्या नमुन्यांच्या पिशव्या रचलेल्या. त्या उतरवून चाक बाहेर काढले, तो त्यात हवाच नाही! खटपटीत सूर्य मावळला. विजेरी काढली, तर तिच्या सेलांना पाणी सुटलेले.

थोड्याच वेळात मुनीमजींना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. ते मधुमेही; भोजनापूर्वीची गोळी घेतलेली आणि भोजन तर घडलेच नाही. इतक्यात एका मालमोटारीचा चालक थांबला. त्याने आमच्या मोटारीमागे दगड व फांद्या मांडल्या आणि आपल्या गाठोड्यातील गुळाचा खडा पुढे केला. मुनीमजींनी माझ्याकडे पाहिले. चाळीस वर्षांचा नियम होता. मी हात जोडून आग्रह केला, तेव्हा त्यांनी तो तोंडात घातला. हळूहळू त्यांना हुशारी आली. त्याच चालकाने आपल्या गाडीच्या हवेच्या टाकीला नळी लावून स्टेपनी भरून दिली. निघताना त्याने आधी रस्त्यावरचे दगड उचलले. म्हणाला, ‘शेटजी, आपण निघून जातो, दगड मागे राहतो. त्यावर उद्या कुणाचा तरी जीव जाईल.’

मुनीमजींनी पुढे गुरुमहाराजांपाशी प्रायश्चित्त घेतले. नियम त्यांचा मोडला, पण दोष माझा होता. दिवस असतानाच चार खाकरे व पाणी मोटारीत असते, तर त्यांना त्या प्रसंगातून जावे लागले नसते.

तेव्हापासून मोटारीत जे ठेवतो ते सांगतो. चाकासाठी हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना, मोटारीच्या विजेवर चालणारा हवेचा लहान पंप, ओढण्याचा दोर आणि बॅटरीच्या जोडतारा. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत चाक उतरले की दोरावाचून गत्यंतर नसते. नवी मोटार घेणाऱ्यांनी विशेष चौकशी करावी. 2020 सालच्या नियमदुरुस्तीनुसार, टायरमधील हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा व दुरुस्तीचा संच असल्यास लहान मोटारी स्टेपनीविनाही विकता येतात. मात्र या संचाने खिळ्याचे भोक बुजते. फाटलेले टायर त्याने सांधत नाही.

इशाऱ्यासाठी लाल चकाकणारा त्रिकोण ठेवावा व तो मोटारीमागे निदान साठ-सत्तर पावलांवर मांडावा. दगड मांडू नयेत. विजेरीचे सेल बाहेर काढून ठेवावेत. अंगावर घालावयाचा चकाकणारा जाकीटही हवा. उतारूंनी मोटारीत न बसता रस्त्यापासून दूर उभे राहावे.

औषधपेटीत निर्जंतुक पट्ट्या, बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे व जंतुनाशक असावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. नेहमीच्या गोळ्या मात्र बंद मोटारीत ठेवू नयेत. आपल्याकडे वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो व औषध बिघडते. त्या हातपिशवीत असाव्यात. उकळलेले पाणी रोज ताजे घ्यावे. सोबत खाकरे, डाळे आणि ग्लुकोज असावे. आग विझविण्याचे लहान यंत्र आसनाखाली, हाताशी असावे.

एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत क्रमांक लिहून डकवावेत: सर्व प्रकारच्या मदतीस 112, रुग्णवाहिकेस 108, राष्ट्रीय महामार्गावर 1033. त्याच कागदावर प्रत्येकाचा रक्तगट व घरचा दूरध्वनी लिहावा.

ही पेटी दुसऱ्याच्याही कामी यावी. पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने आपण अपघातस्थळी थांबत नाही. परंतु मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या कलम 134-अ नुसार, सद्भावनेने मदत करणाऱ्यास त्या मदतीपायी दिवाणी वा फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

शेवटी मुख्य गोष्ट. त्या सायंकाळी स्टेपनी होती, विजेरीही होती. पण वेळेस दोन्ही निरुपयोगी ठरली. न तपासलेले साधन म्हणजे वहीत जमा दिसणारे, पण वसूल न होणारे येणे. म्हणून महिन्यातून एकदा चाकांबरोबर स्टेपनीचीही हवा पाहावी. पावसाळ्यापूर्वी ज्येष्ठात व दिवाळीस वहीपूजनाच्या वेळी सगळी पेटी उघडावी. सेल, औषधांची मुदत, अग्निशामकाचा काटा पाहावा आणि तारीख टाकून सही करावी. तुरीची आवक सुरू होण्याआधी हे काम उरकलेले बरे.

आमच्या पेढीवर ही सही आता मुनीमजी करतात. गुळाचा डबा भरलेला आहे की नाही, हे ते सर्वांत आधी पाहतात.