रक्ताचा कॅन्सर आणि अडकलेले बटण

"सिस्टर, रक्ताचा कॅन्सर लागतो का हो?" वॉर्डात असताना नातेवाईक आम्हाला दबक्या आवाजात विचारायचे. काही घरांत पेशंटचे ताट-वाटी वेगळे काढलेलेही आम्ही पाहिले. उत्तर सरळ आहे. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण एक विषाणू लागतो, आणि काही जणांत बऱ्याच वर्षांनी त्यातून रक्ताचा कॅन्सर होतो. ही हकिकत जपानमधली आहे.

१९७७ साली डॉ. कियोशी ताकात्सुकी यांनी प्रौढांमधल्या रक्ताच्या एका वेगळ्या कॅन्सरची नोंद केली. बहुतेक रुग्ण दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर जन्मलेले होते. पुढे कारण सापडले: एचटीएलव्ही-१ हा विषाणू.

तो करतो काय? आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे शरीराच्या राखणदार. जंतू दिसला की पेशीच्या बाहेरून आत निरोप जातो, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे. शेवटी 'एनएफ-कप्पा-बी' हे प्रथिन पेशीच्या केंद्रात जाऊन 'वाढा' म्हणून सांगते. काम झाले की निरोप थांबतो. टाकी भरली की आपण पाण्याची मोटर बंद करतो, तसेच.

हा विषाणू टी-पेशीत शिरून 'टॅक्स' नावाचे प्रथिन तयार करतो. जंतू नसतानाही टॅक्स ती मोटर चालू ठेवते. पेशी वाढत राहतात, आणि वर्षानुवर्षे त्यांच्या जनुकांत चुका साठत जातात. २०१५ साली जपानी संशोधकांनी ४२६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'पीएलसीजी१' हे निरोप पोचवणारे जनुक त्यांत सर्वाधिक वेळा बिघडलेले आढळले. म्हणजे पुढे टॅक्स नाहीशी झाली तरी मोटर थांबत नाही, कारण आता बटणच अडकलेले असते.

तरीही घाबरू नका. लागण झालेल्या शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणांना हा कॅन्सर कधीच होत नाही. विषाणू पसरतो तो आईच्या दुधातून, रक्तातून आणि शरीरसंबंधातून. ताट-वाटीतून, शिवण्यातून, जवळ बसण्यातून नाही.

जपानने साखळी सुरुवातीलाच तोडली. १९८६ पासून दान केलेले रक्त तपासले जाऊ लागले. नागासाकीत १९८७ पासून गरोदर बायांची तपासणी सुरू झाली. लागण असलेल्या आईने बाळाला वरचे दूध दिले, तर बाळांमधली लागण शंभरात विसाच्या आसपास होती ती तीनाच्या आसपास आली.

मात्र बायांनो, हे वाचून अंगावर पाजणे बंद करू नका. तिथेही तपासणीत लागण आढळली तरच हा सल्ला देतात. आपल्या बाळाला आईचेच दूध हवे.

मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ, न हटणारा ताप, उतरणारे वजन दिसले तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. आणि घरात पेशंट असेल तर त्याला आपल्याच पंगतीत जेवायला बसवा.