पन्नास फुटी बाईला रोज एक क्विंटल ज्वारी

१९५८ साली अमेरिकेत ‘अटॅक ऑफ द ५० फूट वुमन’ हा कृष्णधवल भयपट आला. खर्च जेमतेम ९० हजार डॉलर. परग्रहावरच्या प्राण्याशी गाठ पडल्यावर नॅन्सी आर्चर ही बाई पन्नास फुटी होते आणि बाहेरख्याली नवऱ्याचा हिशेब चुकता करायला गावात शिरते. एक अवाढव्य खोटा हात आणि एकावर एक चढवलेली दृश्यं, एवढ्यावर भागवलंय. बाईच्या अंगातून पलीकडचा देखावा दिसतो, आणि घाबरायच्या जागी लोक हसतात.

मला नवल वाटतं ते त्या पन्नास फुटांचं. संभाजीनगरात बीबी का मकबऱ्याच्या ७२ फुटी मिनाराशेजारी ती उभी राहिली, तर डोकं दोन-तृतीयांशाच्या थोडं वर पोचेल. खरा घोटाळा वजनाचा. पाच फुटांची, ५५ किलोंची बाई चहूबाजूंनी दहापट झाली की वजन हजारपट, म्हणजे ५५ टन! हाडांचा छेद मात्र शंभरपटच वाढतो, त्यामुळे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. मांडीचं हाड साधारण एवढ्या भाराला मोडतं, असं ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९२६ मध्येच लिहून ठेवलंय. पहिल्याच पावलाला बाई खाली.

समजा, नाही कोसळली. मग खाणार काय? वजन हजारपट झालं तरी भूक साधारण १७८ पट वाढते. साध्या बाईच्या दोन हजार कॅलरींच्या हिशेबाने हिला ज्वारी लागेल रोज एक क्विंटल. आणि पैठणी नेसवायची तर शंभर पैठण्यांचं कापड!

उंचीशिवायही भीती दाखवता येते. संभाजीनगर जिल्ह्यातच, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, दीड हजार वर्षांपूर्वीची राक्षसीण आहे. सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेत ५०० व्यापाऱ्यांचं जहाज फुटतं आणि राक्षसिणी सुंदर बायका होऊन त्यांना घरी नेतात. त्यातलीच एक पुढे राजाची राणी होते, आणि राजवाड्यातली माणसं खाल्ली जातात. चित्रकाराने तिला एक फूटही वाढवलेलं नाही. थोरवी दाखवायला उंची वापरायची हे त्याला ठाऊक होतं. याच लेण्यात यशोधरा आणि राहुलसमोरचा बुद्ध भव्य रंगवलाय, मायलेक इवलेसे. भीतीसाठी मात्र त्याला रूपपालटच पुरला. माझ्या मते सिनेमावाल्यांपेक्षा तोच जास्त जाणता.

अजिंठा सोमवारी बंद असतो. इतर कुठल्याही दिवशी जाल, तेव्हा त्या लेण्याच्या उजव्या भिंतीपाशी सवडीने थांबा.