पहिले गोंदण

गोंदणे हे आपल्याकडे जत्रेतले काम होते. देवाचे दर्शन झाले, बांगड्या भरून झाल्या, की लेकीला गोंदणारणीपुढे बसवावयाचे. कपाळावर ठिपका, हनुवटीवर तीळ, हातावर तुळशीवृंदावन, एखादीच्या दंडावर विंचू. दिव्याची काजळी पाण्यात किंवा एखाद्या पाल्याच्या रसात कालवलेली, दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, आणि काम संपले की वर हळद. सोने चोर नेतील, मेल्यावर अंगावरचे दागिने उतरवून घेतील, गोंदण तेवढे आपल्याबरोबर येईल, अशी या मागची श्रद्धा. काय गोंदावे आणि कुठे, हे आई वा सासू ठरवी. जिच्या हातावर सुई चालावयाची तिला विचारण्याची रीत नव्हती.

आता ही जत्रा निराळ्या नावाने भरते. जगभर तिला ‘टॅटू कन्व्हेन्शन’ म्हणतात. आम्ही आपले गोंदणकारांचा मेळावा म्हणू. असा पहिला मोठा मेळावा 1976 साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी भरला. त्यापूर्वी तिकडे हा धंदा खलाशी, सैनिक आणि सर्कशीतली माणसे यांच्या आधाराने, बंदरालगतच्या गल्ल्यांतून चाले. न्यूयॉर्क शहराने काविळीच्या साथीचे कारण देऊन 1961 साली त्यावर बंदीच घातली होती आणि ती 1997 पर्यंत उठली नाही. म्हणजे ह्यूस्टनचे लोक एकत्र जमले तेव्हा देशातील सर्वांत मोठ्या शहरात त्यांची कला बेकायदा होती. पुढे 1982 मध्ये लाँग बीचला ‘क्वीन मेरी’ या जुन्या आगबोटीवर असाच मेळावा भरला. एकमेकांपासून हात झाकून ठेवणारे कारागीर उघड्यावर एकमेकांचे काम पाहू लागले, ही या मेळाव्यांची खरी कमाई असे आम्हांस वाटते.

या धंद्यातील विजेच्या यंत्राची जन्मकथाही गमतीची आहे. एडिसनने 1876 साली कागदाला भोके पाडून प्रती काढावयाच्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. ती कचेऱ्यांत फार दिवस टिकली नाही. पण न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने त्याच कल्पनेवर 1891 साली गोंदणयंत्राचे पेटंट मिळविले. कारकुनाची लेखणी खलाशाच्या दंडावर गेली ती अशी.

असे मेळावे अलीकडे गोव्यातही भरू लागले, आणि आमच्या पुतणीने आपले पहिले गोंदण तेथेच करून घेण्याचे ठरविले. तिला हवे होते ते फुलपाखरू नव्हे, की इंग्रजी सुभाषितही नव्हे. आमच्या मातोश्रींच्या हातावर आहे ते तुळशीवृंदावन, जसेच्या तसे. मातोश्रींचे वय आज पंच्याऐंशी. त्या संतापल्या. “मला चौघींनी धरून ठेवलं होतं गं. रडून रडून घसा बसला होता. ते कशाला हौसेनं करून घेतेस?” पुतणीने उत्तर दिले नाही, तिने आजीचा हात गुडघ्यावर घेतला आणि पातळ कागद ठेवून त्यावरील रेषा उतरवू लागली. रेषा पसरून निळसर झाल्या होत्या, ठिपके एकमेकांत मिसळले होते. कुठे चौकट संपते आणि कुठे मंजिरी सुरू होते, ते अखेर मातोश्रींनाच बोट ठेवून सांगावे लागले. सांगता सांगता त्यांचा राग किती उरला होता, ते आम्हांस कळले नाही.

बेळगावहून चोर्ला घाटाने आम्ही पणजीस गेलो. मोठ्या दालनात ओळीने गाळे आणि सर्वत्र मधमाशांच्या मोहोळासारखा यंत्रांचा गुंजारव. लोक हात, पाय, पाठ पुढे करून निवांत पहुडलेले, भोवती बघ्यांची गर्दी. पहिलटकरणीस येथला मोह मोठा असतो. शेजारच्या गाळ्यात सुंदर मोर उमटताना दिसतो आणि आपणही काहीतरी घेऊन जावे असे वाटते. आमच्या मते हा मोह टाळावा. पुतणीने तीन आठवडे आधी कारागीर निवडला होता, त्याचे बरे झालेले, जुने झालेले काम पाहिले होते आणि कागद त्याला पाठविला होता.

तो तरुण मोठा समंजस निघाला. त्याने वयाचा दाखला पाहिला, मधुमेह किंवा रक्त पातळ करण्याची औषधे आहेत काय ते विचारले, आणि जेवून आलात ना, हेही. मग त्याने चित्र बदलावयास सांगितले. “रेषा इतक्या जवळ घेतल्या तर वीस वर्षांत तुमचेही वृंदावन आजींसारखे होईल.” कारण असे की शाई कातडीच्या वरच्या थरात राहत नाही; सुई सुमारे एक ते दोन मिलिमीटर आत, दुसऱ्या थरात ती सोडते. तेथे शरीराच्या भक्षक पेशी शाईचे कण परके समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. 2018 साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर दाखविले, की अशी पेशी मेली की तिच्यातील शाई नवी पेशी गिळते आणि चित्र जागेवर राहते. तरी वर्षानुवर्षांत रेषा थोडी रुंदावतेच. तेव्हा चौकट मोठी केली, ठिपके नवांचे पाच झाले. पुतणी थोडी हिरमुसली, पण मान्य केले.

आम्ही मात्र सुईकडे पाहत होतो. जुन्या जत्रेचे सर्वांत मोठे पाप हे, की एकच सुई आणि शाईची एकच वाटी दिवसभर सर्वांना पुरे. ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ रक्तातून अशीच पसरते. वाचक भगिनींनी येथे संकोच करू नये. सीलबंद सुई आपल्यासमोर फोडावयास लावावी, शाई लहान टोपणात नव्याने ओतलेली असावी, हातमोजे नवे असावेत. पुन्हा वापरावयाची धातूची साधने वाफेच्या यंत्रात 121 अंश सेल्सिअसला, चौरस इंचास 15 पौंड दाबाखाली निर्जंतुक करतात. आपल्या प्रेशर कुकरची ही थोरली बहीण. मेळाव्याच्या तात्पुरत्या गाळ्यात पाण्याचा नळ दूर असतो आणि कारागीर दोन दिवसांत आपल्या गावी परततो, म्हणून पुढे लाली वा पू दिसल्यास विचारावयाचे कोणास, तेही आधीच ठरवून ठेवावे.

काम सव्वा तास चालले. पुतणीने पहिल्या रेषेला ओठ चावला, नंतर गप्पा मारू लागली. मनगटाजवळ पुन्हा दुखले म्हणे. गोव्यात येऊन समुद्रात उतरावयाचे नाही, ही शिक्षा तिला अधिक जड गेली. दोन-तीन आठवडे, खपली पडून कातडी भरून येईपर्यंत, पोहणे वर्ज्य असते.

बरोबर आमचा धाकटा पुतण्याही होता आणि त्यालाही मानेवर वाघ हवा झाला. त्याला आम्ही तेथल्या तेथे आवरले. तो सैन्यभरतीची तयारी करतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात हे स्वप्न घरोघर आहे. सैन्याच्या नियमांत कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या पाठीवर चालते. अन्यत्र असल्यास उमेदवार बाद होऊ शकतो. परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी जमातींना तेवढी सवलत आहे. लेसरने गोंदण काढता येते खरे, पण त्यास अनेक फेऱ्या, बराच खर्च आणि महिनोन्‌महिने लागतात, आणि काही रंग तरीही मागे राहतात.

घरी आल्यावर मातोश्रींनी चष्मा लावून नातीचा हात पाहिला. “ठिपके कमी केले,” एवढेच म्हणाल्या, आणि सवयीने हळदीचा डबा मागविला. हळद लावावयाची नाही, कारागिराने साबणाने धुऊन पातळ मलम लावावयास सांगितले आहे, हे त्यांना पटवावयास संध्याकाळ गेली. पुतणी नेमाने रक्तदान करते. नियमाप्रमाणे गोंदणानंतर बारा महिने रक्त देता येत नाही. तिने नव्या दिनदर्शिकेवर ती तारीख लाल शाईने घेरून ठेवली आहे.