अर्भकाच्या मेंदूतील लगाम

व्यापारात माल उचलण्याला जितके महत्त्व, तितकेच वेळीच हात आखडता घेण्यालाही असते, हे सभासदांना सांगावयास नको. मेंदूचा कारभारही याच न्यायाने चालतो. मेंदूतील काही पेशी शेजारच्या पेशींना चेतवितात, तर काही त्यांना थोपवून धरतात. मेंदूच्या बाह्य थरात अशा थोपविणाऱ्या पेशी सुमारे पाचांत एक एवढ्याच असतात. परंतु त्यांचा लगाम सुटला की विद्युत्‌संदेशांचा लोंढा उसळतो, आणि त्यालाच आपण आकडी किंवा झटका म्हणतो. हा लगाम बालक जन्मतःच घेऊन येते काय, याचा विचार येथे आम्ही करणार आहोत. बालाघाट, वारासिवनी, लांजी वा बैहर येथील कोणत्याही घरी तान्ह्या बालकाला आकडी आली, तर तिचा उपचार या प्रश्नाच्या उत्तराशी निगडित आहे.

थोपविण्याचा निरोप पोहोचविणारे मुख्य द्रव्य म्हणजे गामा-अमिनो-ब्युटिरिक आम्ल. संक्षेपाने त्यास ‘गाबा’ म्हणतात. ते मेंदूत असल्याचे १९५० साली उघडकीस आले. गाबा ही एक किल्ली आहे असे समजावे. ती लागताच पेशीच्या आवरणातील एक दार उघडते आणि त्यातून क्लोराइडचे ऋणभारित कण ये-जा करतात. प्रौढ पेशीच्या गोदामात या कणांचा साठा अल्प असतो. म्हणून दार उघडताच बाहेरील कण आत शिरतात, आतील ऋणभार वाढतो आणि पेशी शांत होते. नवजाताच्या पेशीत मात्र साठा भरपूर असतो. तेथे तेच दार उघडले की कण बाहेर पडतात, आणि पेशी निवण्याऐवजी चेतण्याकडे झुकते. किल्ली तीच, दारही तेच; फरक केवळ शिलकेचा!

ही शिल्लक दोन प्रकारची प्रथिने सांभाळतात. त्यांना गोदामाचे हमाल म्हणावयास हरकत नाही. एक क्लोराइड आत वाहतो, दुसरा बाहेर काढतो. जन्माच्या सुमारास पहिला जोरात असतो आणि दुसरा नुकता कुठे कामावर रुजू झालेला असतो. फ्रान्समधील येहेज्केल बेन-आरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदराच्या पिलांच्या मेंदूत गाबाचा हा उलटा परिणाम दाखविला. पुढे १९९९ साली फिनलंडमधील संशोधकांनी बाहेर काढणाऱ्या हमालाचे महत्त्व सिद्ध केले. मानवी बालकात हा पालट जन्माच्या आगेमागे सुरू होऊन पुढे कित्येक महिने चालतो, असे दिसते. त्याच काळात काही तरुण निरोधक पेशी मेंदूच्या पुढील भागात आपापल्या जागी स्थलांतर करीत असतात, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळले.

मग निसर्गाने ही व्यवस्था अशी का ठेवली? गाबाचे हे आरंभीचे उत्तेजन पेशींची वाढ व त्यांची परस्परांशी जुळणी यांस साह्यकारी होते, असे मानले जाते. म्हणून यास दोष समजू नये. तथापि त्याची किंमतही आहे. आयुष्याच्या पहिल्या महिन्यात आकडीचे प्रमाण पुढील काळाहून अधिक असते. आकडीवरील फेनोबार्बिटल हे जुने औषध गाबाचेच काम वाढविते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याने सुमारे ४३ टक्के नवजातांचीच आकडी आवरली. तरीही २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ते लेव्हेटिरासेटामपेक्षा सरस ठरले. आत वाहणाऱ्या हमालास रोखणारे ब्युमेटॅनाइड हे औषधही युरोपात अजमावले गेले. परंतु त्याचा पुरेसा गुण दिसेना आणि काही बालकांच्या श्रवणशक्तीस अपाय झाला, म्हणून ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. उंदरावर जमलेले गणित माणसावर तसेच जमत नाही, हा यातील धडा.

यावरून घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. मोठ्यांसाठी आणलेली आकडीची किंवा झोपेची गोळी तान्ह्यास चुकूनही देऊ नये. त्याचा मेंदू म्हणजे मोठ्या मेंदूची लहान प्रत नव्हे. नवजाताची आकडी नेहमी हातपाय झाडूनच येते असे नाही. ओठ चोखल्यासारखे हलणे, एकटक पाहणे, सायकल चालविल्यासारखे पाय हलविणे, श्वास थांबणे, हीही तिची लक्षणे असू शकतात. अशा वेळी बालकास कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये, डाग तर मुळीच देऊ नये, आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. रक्तातील साखर किंवा कॅल्शियम कमी होणे, जंतुसंसर्ग, जन्मताना श्वास कोंडणे अशी कारणे तेथे शोधली जातात, आणि त्यांपैकी काही तत्काळ सुधारता येतात.

लगाम घडण्यास निसर्ग काही महिन्यांचा अवधी घेतो. तोवर बालकाचे रक्षण करणे हे आपणा मोठ्यांचे काम आहे, आणि त्यात घटकेचाही उशीर परवडणारा नाही.