आंबुशीचीं परदेशी भावंडें

आंबुशी ठाऊक नाहीं असा मराठी माणूस विरळा. न्हाणीच्या पाटाकडेला, तुळशीच्या कुंडींत, तीन हृदयाकृति पानांची ही वनस्पति कोणी न लावतां उगवते. तिचीं आंबट पानें लहानपणीं आपण बहुतेकांनीं चावलीं आहेत. आयुर्वेदांत तिला चांगेरी म्हणतात. लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथांत तिच्या वंशाला ऑक्झॅलिस हें नांव आहे, आणि त्याच्याहि मुळाशीं आंबटपणाच आहे. आपल्या आंबुशीला कंद नसतो. पण तिच्या पांचशेंहून अधिक जातभाईंपैकीं पुष्कळ कंदवाले आहेत. त्यांतील सर्वांत देखणे दक्षिण आफ्रिकेच्या केप भागांतले. त्यांच्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

मी राहतों हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापुरास. येथील जमीन काळी व चिकण. पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. कापसाला व हळदीला ती माउली. पण तुरीच्या दाण्याएवढ्या या कंदांना ती मानवत नाहीं, कारण पाणी धरून ठेवते. म्हणून कुंडीच पत्करावी. दोन भाग जाड वाळू, एक भाग तांबडी माती, एक भाग चाळलेलें पालापाचोळ्याचें खत एवढें मिश्रण पुरे. शेणखत घालण्याचा मोह आवरावा. तें घातलें तर पानें माजतात, फुलें रुसतात.

केपच्या पश्चिम भागांत पाऊस पडतो तो हिंवाळ्यांत. उन्हाळा तेथें कोरडा असतो. त्यामुळें या कंदांना गारवा आणि ओल हीं एकत्र हवीं असतात. आपल्याकडे नेमकें उलट घडतें. आपला पाऊस उकाड्याबरोबर येतो, आणि थंडी येते ती कोरडी. तेव्हां आपल्या थंडीला झारीनें ओल पुरवावयाची आणि आपल्या पावसापासून कंदांना वांचवावयाचें, एवढेंच काय तें यांतलें सारें शास्त्र! दसऱ्यानंतर रात्री गार होऊं लागल्या कीं कंद बोटाच्या एका पेराइतके खोल लावावे, एकदां पाणी द्यावें, आणि कोंब दिसेपर्यंत पुन्हां बेतानेंच द्यावें. कुंडी भरपूर उन्हांत असावी. सावलींत किंवा अभ्राच्या दिवशीं हीं फुलें उमलतच नाहींत.

व्हर्सिकलर नांवाच्या जातीची मात्र मिटलेली कळीच पाहावी. पाकळ्या पांढऱ्या, त्यांच्या पाठीवर तांबडी कड. कळी पिळलेली असतां ती कड गोल गोल फिरत वर गेलेली दिसते. ऊन येऊन फूल उमललें कीं वरून सारें पांढरेंच! माझ्या घरीं सकाळचा चहा त्या कळ्यांसमोर होतो, हें सांगण्यास संकोच वाटत नाहीं.

फेब्रुवारीच्या सुमारास पानें पिवळीं पडतात. झाड मेलें असें समजून कुंडी उकिरड्यावर रिती करणारे पुष्कळ. दयेनें पाणी घालणारेहि तितकेच. मी दुसऱ्या पंथाचा होतों. एका आषाढांत सारी बाग हिरवी, आणि ही एकच कुंडी कोरडी, हें पाहवेना. चार तांबे पाणी घातलें. आश्विनांत कुंडी उकरली तों आंत नुसतीं टरफलें. पानें वाळलीं कीं पाणी बंद करावें आणि कुंडी घरांत, सावलींत, कोरडी ठेवावी. तिला आश्विनापर्यंत विसरावें. तिच्याजवळून रोज जाणाऱ्याला हें जड जातें.

आतां एक सावधगिरीची गोष्ट. मेक्सिकोकडील गुलाबी फुलांची लॅटिफोलिया ही जात कुणी हौसेनें देऊं केली, तर घेऊं नये. ती पोसतांना कांहींच कष्ट पडत नाहींत, आणि तेंच वाईट. तिच्या कंदाला बारीक पिलें फुटतात. खुरप्यानें तीं उपटलीं न जातां पसरतात. निलगिरीच्या मळ्यांत ती तण होऊन बसली आहे. आमच्याकडे तर हळदीचे गड्डे जमिनींतून काढून त्यांचेंच बेणें पुन्हां लावतात. त्या मातींत हीं पिलें शिरलीं तर निवडणार कोण? बी धरत नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. या वंशांत पुष्कळ ठिकाणीं लांब, मध्यम व आंखूड केसराग्रांचीं तीन प्रकारचीं फुलें वेगवेगळ्या झाडांवर येतात, आणि एकाच प्रकारचीं झाडें जवळ असलीं तर बी क्वचितच धरतें. डार्विननें १८७७ च्या ग्रंथांत याचा विस्तारानें विचार केला आहे. तरीहि केपचीच पिवळी पेस-काप्री ही जात भूमध्य समुद्राच्या कांठच्या देशांत मुख्यतः कंदांच्या पिलांवरच पसरली. सबब केपचे कंदहि कुंडींतच ठेवावे, आणि जुनी माती शेतांत टाकूं नये. ती फरशीवर कडक उन्हांत वाळवून चाळावी.

कुंडी उपडी कराल तेव्हां कंद वरच्या थरांत सांपडले नाहींत तरी घाबरूं नका. या वनस्पतीचीं कांहीं मुळें आंखडतात आणि कंदाला खालीं ओढून नेतात. माझे अर्धे कंद दरवर्षीं तळाच्या खापरीला चिकटलेले मिळतात.